वहिवाटीचा रस्ता

महाराष्ट्रातील महसुली दप्तरांशी ज्याचा कधी थोडाफार संबंध आला असेल, त्याला ‘वहिवाट’ या शब्दाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कागदावर नोंद असो वा नसो, कोणा सरकारची सनद मिळालेली असो वा नसो, ज्या बांधावरून माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेतावर गेली आणि ज्या पायवाटेने गुरे पाणवठ्यावर उतरली, ती वाट त्यांच्या चालण्यानेच त्यांच्या हक्काची झाली, असे हा शब्द सांगतो. १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्याने वीस वर्षे उघडपणे, निर्वेधपणे आणि अखंड वापरलेल्या वाटेला हक्काचे रूप दिले. आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याने, अशी वाट कोणी बांध घालून किंवा काट्या टाकून अडविली, तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदाराच्या हाती ठेवला. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा या गावी, रेल्वे स्थानकाच्या समोरच्या थांब्यावर बावीस नंबरच्या बसची वाट पाहत उभा असताना हा आपल्याकडचा जुना शब्द माझ्या मनात वारंवार येतो. कारण ज्या मार्गाने ती बस जाते, तो मार्ग कोणत्याही खात्याने प्रथम आखलेला नसून दोन शतकांहून अधिक काळ माणसांनी पायांनी, घोड्यांनी आणि चाकांनी वहिवाटलेला आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

सांता क्लारा हे सॅन फ्रान्सिस्कोच्या आग्नेयेस सुमारे सत्तर किलोमीटरवर वसलेले, सॅन होजे या मोठ्या शहराला इतके बिलगून असलेले गाव आहे की, दोहोंची सरहद्द कोठे आहे हे रस्त्यावरची पाटी वाचल्यावाचून परक्याला कळत नाही. तथापि दोघांचे मूळ भिन्न आहे. १२ जानेवारी १७७७ रोजी स्पॅनिश धर्मोपदेशकांनी ग्वादालूपे नदीच्या परिसरात सांता क्लारा मिशनची स्थापना केली, आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला सॅन होजे ही शेतकऱ्यांची वसाहत नदीपलीकडे उभी राहिली. एक धर्मपीठ आणि एक पेठ, अशी ही दोन ठाणी परस्परांपासून सुमारे तीन मैलांवर होती, आणि पेठेतील माणसाला उपासनेसाठी मिशनकडे येणे भाग असल्यामुळे त्या तीन मैलांत जाण्यायेण्याचा परिपाठ आपोआपच पडला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फादर मागीन काताला यांनी या वाटेच्या कडेने विलोची झाडे लावविली, तेव्हापासून तिला ‘अलामेडा’, म्हणजे वृक्षांच्या छायेतील वाट, हे नाव मिळाले. ती झाडे ज्यांच्या हातांनी लागली, ते मात्र या भूमीचे मूळ रहिवासी असलेले ओलोनी लोक होते. त्यांतील येथील शाखेचे थामीएन हे नाव आज सॅन होजेच्या दक्षिणेकडील ‘टॅमिएन’ या स्थानकाच्या पाटीवर उरले आहे. प्रवास करणाऱ्या माणसाच्या डोक्यावरची सावली कोणाच्या श्रमांतून उभी राहिली, हे स्मरण ठेवल्यावाचून या रस्त्याचा इतिहास सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मेक्सिकोची सत्ता गेली, अमेरिकेची आली, १८५१ मध्ये मिशनच्या जागी महाविद्यालय निघाले, १८५२ मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला, आणि १८६४ च्या प्रारंभी सॅन फ्रान्सिस्कोहून येणारी आगगाडी सांता क्लारावरून सॅन होजेला पोहोचली. त्या काळातील लाकडी स्थानक अद्याप उभे आहे आणि बावीस नंबरची बस आजही त्याच्या समोरूनच वळते. परंतु आगगाडी दूरच्या माणसाची सोय होती. मिशन आणि पेठ यांच्यामधील रोजच्या येण्याजाण्याला तिचा उपयोग बेताचाच होता. ही उणीव १८६८ मध्ये अलामेडावरून धावू लागलेल्या घोड्यांच्या ट्रामने भरून काढली. मुंबईच्या वाचकाला कालाचा अंदाज यावा म्हणून सांगतो की, कुलाब्याहून पायधुणीकडे जाणारी आपली घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, म्हणजे फळबागांनी वेढलेल्या या लहानशा गावाला तो मान महानगरी मुंबईच्या साडेपाच-सहा वर्षे आधी मिळालेला होता. यात सांता क्लाराचा मोठेपणा नसून वाटेचा आहे. जिथे नित्याची वर्दळ होती, तिथेच भांडवल घालण्यास मक्तेदार पुढे आले. वाट आधी आणि वाहन नंतर, हा क्रम येथे स्पष्टपणे दिसतो.

या ट्रामचे संचालक सॅम्युएल बिशप यांनी १८८८ मध्ये एक साहस केले. घोडे काढून विजेने गाडी चालवावी, आणि तीही डोक्यावरच्या तारेने नव्हे, तर रस्त्यात खोदलेल्या खाचेतून वीज घेऊन, अशी त्यांची कल्पना होती. पश्चिम किनाऱ्यावरील विजेच्या गाड्यांचा हा अगदी पहिल्या काही प्रयोगांतील एक होय. ती खाच नीट टिकली नाही, योजना फसली, आणि काही काळातच डोक्यावरची तार घेऊन नव्या गाड्या त्याच अलामेडावर रुळल्या. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी आली, तोपर्यंत येथील माणसाला ती जुनी झाली होती. बिशप यांची खाच आज कोणाच्या स्मरणातही नाही. पण त्यांच्या अपयशानंतर दुसऱ्या कोणी वेगळी वाट न धरता त्याच वाटेवर नव्या साधनाने प्रयत्न केला, ही गोष्ट मला यशापेक्षाही अर्थपूर्ण वाटते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत या खोऱ्याला वाहतुकीचे जे वैभव लाभले, ते ऐकून आजच्या रहिवाशाचा सहसा विश्वास बसत नाही. ‘पेनिन्शुलर रेल्वे’ नावाची विजेची गाडी सॅन होजेहून निघून साराटोगा, लॉस गॅटोस, क्युपर्टिनो या गावांना स्पर्श करीत पालो आल्टोपर्यंत जाई. आज जिथे संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथे त्या काळी आलुबुखार, जर्दाळू आणि चेरी यांच्या बागांचे मैलोगणती विस्तार होते, आणि त्या खोऱ्याला लोक प्रेमाने ‘हृदयानंदाचे खोरे’ म्हणत. वसंत ऋतूत झाडे पांढऱ्या फुलांनी भरून गेली म्हणजे दूरदूरचे लोक केवळ तो बहर पाहण्यासाठी या गाडीत बसून बागांतून फेरी मारीत. त्याच गाडीने एरवी फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यांतील कामकरी स्त्रिया, शाळकरी मुले आणि बाजारहाट करणारी कुटुंबे जात-येत असत. म्हणजे कामाचा प्रवासी आणि आनंदाचा प्रवासी एकाच बाकावर बसत, आणि सार्वजनिक वाहनाची खरी थोरवी मला याच सहवासात दिसते.

हे वैभव मोटारीने हिरावून घेतले. पेनिन्शुलर रेल्वे १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत बंद पडली, आणि एप्रिल १९३८ मध्ये सॅन होजेच्या रस्त्यावरील अखेरची ट्राम आगारात परतली. मुंबईकरांनी आपली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री जड अंतःकरणाने निरोप देऊन पाठविली, त्याच्या पाव शतक आधीची ही घटना. रुळांच्या जागी बसगाड्या आल्या, आणि त्या ‘सॅन होजे सिटी लाइन्स’ या नावाने चालू लागल्या. ही संस्था ‘नॅशनल सिटी लाइन्स’ या देशभर पसरलेल्या बसधंद्याच्या परिवारातील होती. १९४९ मध्ये शिकागो येथील न्यायालयात, बसगाड्या, इंधन आणि टायर यांच्या पुरवठ्याची मक्तेदारी करण्याचा कट केल्याबद्दल ही मूळ कंपनी आणि तिच्यात गुंतवणूक करणाऱ्या मोटार, तेल व टायर उद्योगांतील बड्या कंपन्या दोषी ठरल्या. ट्राम कटामुळे गेली की काळामुळे, हा वाद विद्वानांत अजून चालू आहे आणि त्याचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. मला एवढेच नोंदवावेसे वाटते की, रूळ उखडले तरी बस मात्र अलामेडावरूनच गेली. ज्या वाटेवरून फादर कातालांच्या काळी लोक चालले, तिच्यावरूनच रबरी टायरही धावले.

दुसऱ्या महायुद्धानंतर या गावाचे जे रूपांतर झाले, ते वाढ या शब्दात मावत नाही. १९५० च्या खानेसुमारीत सुमारे बारा हजार असलेली सांता क्लाराची वस्ती १९६० मध्ये एकोणसाठ हजारांच्या घरात गेली. बागा तोडून घरे झाली, आणि लॉरेन्स व सान टोमास यांसारखे मोटारींसाठीचे रुंद जलद मार्ग आले. दूर अंतरावर पसरलेल्या त्या एकमजली वस्तीत थांब्यापर्यंत चालत जाणेच दुष्कर झाले. याहून मोठा आघात गावाने स्वतःच्या हाताने करून घेतला. साठीच्या दशकात ‘नगरनवीकरण’ या सरकारी योजनेखाली सांता क्लाराने आपल्या जुन्या पेठेचे सुमारे आठ चौक जमीनदोस्त केले. फ्रँकलिन रस्त्यावरची दुकाने, चित्रगृह, माणसांच्या भेटीची ठिकाणे, सारे गेले, आणि ज्या गावाला पेठच उरली नाही त्या गावाला बसने जायचे तरी कोठे, असा प्रश्न निर्माण झाला. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील आठ चौक एका ठरावाने उठवले, तर तिथून जाणाऱ्या बसच्या पाट्यांना काय अर्थ उरेल, याची वाचकाने कल्पना करून पाहावी. ती पेठ परत वसवावी म्हणून आज या गावचे नागरिक निष्ठेने झटत आहेत, यावरून तिच्या अभावाची वेदना साठ वर्षांनीही शमली नाही हे उघड होते.

प्रवासी घटले, खाजगी कंपन्यांचा जमाखर्च जुळेना, आणि अखेरीस ६ जून १९७२ रोजी मतदारांनी कौल देऊन ‘सांता क्लारा काउंटी ट्रान्झिट डिस्ट्रिक्ट’ ही लोकसंस्था निर्माण केली. १ जानेवारी १९७३ पासून सॅन होजे सिटी लाइन्स, पेनिन्शुला ट्रान्झिट आणि पीअरलेस स्टेजेस या तीन खाजगी संस्थांचा येथील कारभार तिच्या हाती आला. मुंबईने ७ ऑगस्ट १९४७ रोजी आपली ट्राम व बस महापालिकेच्या ताब्यात घेतली होती, आणि १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी निघाली होती. प्रवास ही केवळ नफ्याची बाब नसून लोकांची गरज आहे, हे जे तत्त्व आपल्याकडे स्वातंत्र्याबरोबर मान्य झाले, ते या समृद्ध खोऱ्यात पंचवीस वर्षांनी मान्य झाले.

या नव्या संस्थेने प्रारंभीच केलेला एक प्रयोग मात्र स्मरणीय आहे. वस्ती विखुरलेली आहे, मग ठराविक मार्गाचा आग्रह कशाला, माणसाने दूरध्वनी करावा आणि बस त्याच्या दारी यावी, अशा विचाराने नोव्हेंबर १९७४ मध्ये साऱ्या काउंटीभर ‘डायल-अ-राइड’ ही योजना सुरू झाली. कल्पना उदात्त होती, आणि वृद्ध व अपंग यांच्या दृष्टीने तर ती करुणेची होती. परंतु मागणीचा लोट एवढा आला की दूरध्वनी लागेना आणि लागला तरी बस मिळेना; शिवाय आपला धंदा बुडतो म्हणून टॅक्सीवाल्या कंपन्या न्यायालयात गेल्या आणि निर्णय त्यांच्या बाजूने लागला. मे १९७५ मध्ये, सहा महिने पुरे होण्याच्या सुमारास, ती योजना गुंडाळली गेली, आणि बस पुन्हा ठराविक मार्गांवर आली. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, लोकांनी विक्रीकरात अर्ध्या सेंटची भर स्वखुशीने मान्य करून त्या मार्गांना कायमचा आधार दिला. यातून मी जो बोध घेतो तो असा की, दारी येणारे वाहन ही सेवा असते, पण ठराविक वेळी ठराविक वाटेने जाणारे वाहन ही वहिवाट असते. पहिले मागावे लागते, आणि दुसऱ्यावर आपण विसंबून राहू शकतो.

पुढे डिसेंबर १९८७ मध्ये सांता क्लारातील ‘ओल्ड आयर्नसाइड्स’पासून सॅन होजेपर्यंत हलकी रेल्वे धावू लागली, आणि ज्या शहराने पन्नास वर्षांपूर्वी रूळ उखडले होते त्यानेच ते पुन्हा घातले. जुन्या ट्रामच्या काही गाड्या हौशी स्वयंसेवकांनी केली पार्कमधील इतिहास-संग्रहालयात जिवापाड मेहनतीने दुरुस्त करून याच रुळांवर फिरविल्या. संस्थेचे नाव पुढे ‘व्हीटीए’ झाले. पण या साऱ्या बदलांत जिचे स्थान ढळले नाही, ती बावीस नंबरची बस. पालो आल्टोहून निघून, एल कामिनो रेआल या जुन्या राजमार्गाने माउंटन व्ह्यू, सनीव्हेल आणि सांता क्लारा ओलांडून, मिशनला वळसा घालून, अलामेडावरून सॅन होजेच्या पेठेत शिरून ती पूर्वेला ईस्टरिजपर्यंत जाते. जुलै २००५ मध्ये तिच्या सोबतीला मोजकेच थांबे घेणारी ५२२ आली. पण जिला प्रत्येक कोपऱ्यावरचा माणूस आपली म्हणतो ती बावीसच.

ही बस दीर्घकाळ चोवीस तास चालत असे, आणि त्यामुळे तिच्या रात्रीला एक वेगळाच इतिहास प्राप्त झाला. जगातील अत्यंत धनाढ्य अशा या खोऱ्यात ज्यांना छप्पर परवडत नव्हते, अशी माणसे थंडीच्या रात्री या बसमध्ये बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झोपेत प्रवास करीत, टोक आले की उतरून पुन्हा चढत. एलिझाबेथ लो यांनी त्यांच्यावर ‘हॉटेल २२’ हा छोटा माहितीपट २०१४ मध्ये केला. सकाळी पहिल्या पाळीला निघालेले मजूर चढत तेव्हा मागच्या बाकावरची ती माणसे आपली गाठोडी आवरून उतरत. धर्मशाळेचे जे काम मिशनच्या काळी देवळाच्या ओसरीने केले असेल, ते बसच्या बाकाने करावे, हे समाजाला भूषणावह नाही. पण बसने ते केले, याबद्दल तिच्याविषयी कृतज्ञता बाळगणे आपले कर्तव्य आहे.

आता आपल्या माणसांविषयी. इंटेल कंपनी १९७१ च्या सुमारास सांता क्लारात आली, तिच्यामागून इतर आल्या, आणि त्यांच्यामागून महाराष्ट्रातून अभियंत्यांची कुटुंबे आली. जून २०२४ च्या अखेरीस सॅन होजेत भरलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात या वस्तीची श्रीमंती आणि कर्तृत्व साऱ्यांनी पाहिले. पण त्या कर्तृत्वाच्या मागे घरात राहिलेली माणसे होती, त्यांची नोंद अधिवेशनाच्या मांडवात होत नाही. नोकरीचा परवाना नसलेल्या आणि मोटार चालविण्याचा सराव नसलेल्या कित्येक सुना, आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले कित्येक आईवडील, यांच्या दृष्टीने मोटारीवाचून हे गाव म्हणजे नीटनेटकी, उजळ अशी नजरकैदच होती. माझी आई पहिल्यांदा येथे आली तेव्हा पहिले दोन आठवडे खिडकीशी बसून होती. मग एके दिवशी तिने एका चिठ्ठीवर देवनागरीत थांब्यांची नावे लिहून घेतली, ‘बोवर्स, स्कॉट, सांता क्लारा डेपो’, आणि ती एकटीच बावीस नंबरने गेली. परत आली तेव्हा तिच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी होती, आणि तिच्या चालण्यात पुण्यात पीएमटीच्या बसमधून उतरतानाचा तोच ताठपणा होता. पायऱ्या चढताना तिचा गुडघा दुखतो हे पाहून चालकाने बस थांब्याकडे कलती केली, हे ती त्या रात्री जेवताना दोनदा सांगत होती. “बस माझ्यासाठी वाकली रे,” असे ती म्हणाली. त्या दिवसापासून हे गाव तिचे झाले, मला वाटते माझ्याही आधी.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस व्हीटीएने आपले बहुतेक मार्ग नव्याने आखले. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘बार्ट’ या रेल्वेची गाडी मिल्पिटास आणि बेरीएसापर्यंत येणार होती, तेव्हा फेररचना आवश्यकच होती, आणि नव्या आखणीत काही मार्गांना पूर्वीपेक्षा अधिक फेऱ्या मिळाल्या. पण त्याच फेरबदलात दहा नंबरची बस गेली. सांता क्लारा स्थानकाहून विमानतळावर आणि तेथून हलक्या रेल्वेपर्यंत ती विनामूल्य नेत असे. तिचे काम साठ नंबरकडे देण्यात आले, म्हणजे विमानतळाची सोय राहिली. पण भारतातून पहिल्यांदा आलेल्या किती माणसांचा या खोऱ्यातील पहिला प्रवास त्या दहा नंबरने झाला असेल, त्याचा विचार मनात येतो. पुढे जून २०२० मध्ये बार्ट आली तेव्हा महामारीने रस्ते ओस पाडले होते. आणि मार्च २०२५ मध्ये, या संस्थेच्या इतिहासात प्रथमच, चालकांच्या संपाने सुमारे अडीच आठवडे एकही बस धावली नाही. ज्यांच्या घरी मोटार होती त्यांना त्या संपाची बातमी झाली, आणि ज्यांच्या घरी नव्हती त्यांना तो संप झाला. थांब्यांवर उभे राहून नंतर पायी निघालेली माणसे मी एल कामिनोवर पाहिली, आणि ती त्याच बाजूने, त्याच वाटेने चालत होती.

मराठीत थांबण्याला आपण ‘वाट पाहणे’ म्हणतो, ही आपल्या भाषेची मला विशेष आवडणारी दृष्टी आहे. थांब्यावरचा माणूस बसकडे पाहत नसतो, कारण ती आलेलीच नसते. तो वाटेकडे पाहत असतो, आणि वाट असेल तर वाहन येईल या श्रद्धेने उभा असतो. अलामेडाने ती श्रद्धा आजवर खोटी ठरविली नाही. विलोची झाडे गेली, घोडे गेले, बिशप यांची खाच बुजली, ट्राम गेली, तीन खाजगी कंपन्या गेल्या, दारी येणारी बस सहा महिन्यांत गेली. आणि या साऱ्यांनी जी वाट वापरली ती मात्र उरली, कारण तिच्यावाचून ज्यांचे अडते अशी माणसे प्रत्येक काळात नव्याने आली. आधी मिशनला जाणारे आले, मग कारखान्यातील बाया, मग बेघर, मग चिठ्ठीवर देवनागरीत नावे लिहून घेणारी एक म्हातारी.

ज्या सुविधाधिकारांच्या कायद्याचा उल्लेख मी आरंभी केला, त्यातच आणखी एक कलम आहे. वीस वर्षांच्या वापराने जसा वाटेचा हक्क मिळतो, तसाच वीस वर्षे ती अखंड न वापरल्यास तो बुडतो. हक्क नुसता दप्तरात ठेवून टिकत नाही, तो पायांनी टिकवावा लागतो. म्हणून घरी मोटार असूनही आठवड्यातून एक दिवस मी सांता क्लाराच्या डेपोपर्यंत चालत जातो, आणि बावीस नंबरनेच पेठेत जातो.